गपगार कॉम्प्युटर

बालमित्रांनो, तुमच्या घरी आजोबा चहा कसा पितात, ते कधी नीट पाहिलंय का? कपातला वाफाळता चहा ते बशीत ओततात, बशी जरा हलवतात आणि मग फुर्रर्र करून पितात. कपातला चहा अजून ओठ पोळत असतो, पण बशीतला केव्हाच पिण्याजोगा झालेला असतो. चहा तोच, घर तेच, हवा तीच. मग बशीत असं काय आहे?

तुम्ही म्हणाल, "मॅडम, वर कॉम्प्युटरचं नाव लिहिलंत आणि चहा काय पाजताय?" थांबा जरा! कॉम्प्युटर थंड ठेवायची अर्धी विद्या त्या बशीतच आहे. उरलेली अर्धी विद्या आपल्या यवतमाळच्या कापसाने मला शिकवली. तीही सांगते, पण आधी एक फजिती ऐका. फजिती माझीच आहे.

कॉम्प्युटरला गादी

आमच्या शाळेतला कॉम्प्युटर मी जिवापाड जपायची. धूळ बसू नये म्हणून त्याला भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेलं. वर जाड कापडाचं भरतकाम केलेलं झाकण. घाईच्या दिवशी मी नुसता पडद्यासमोरचा भाग उघडायची, खोक्यावर झाकण तसंच असायचं. खोली रस्त्याच्या कडेला. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या त्याच रस्त्याने जिनिंगकडे जायच्या. खिडकीतून पांढरं तूस आत यायचं, आणि मला वाटायचं, झाकण आहे ना, मग काळजी कशाची?

फेब्रुवारीपासून कॉम्प्युटर गुरगुरायला लागला. मार्चमध्ये त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा झाला. एप्रिल उजाडला, पारा चढला आणि गोष्टीचा व्हिडिओ निम्म्यावर असताना कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला.

बंद पडण्याचं दुःख सगळ्यांनाच होतं. पण आवाजाचा त्रास एका मुलीला फार व्हायचा. चौथीतली ही मुलगी, तिला एका कानाने कमी ऐकू येतं. मी तिला पुढे बसवलं, तर ती स्पीकरच्या जवळ आली तशी पंख्याच्याही जवळ आली! दोन्ही एकाच टेबलावर. बाकीची मुलं गोष्टीवर हसायची आणि ती त्यांच्या तोंडाकडे बघून हसायची. माझ्या ते फार उशिरा लक्षात आलं.

शेवटी तालुक्याच्या गावाहून दुरुस्ती करणाऱ्या दादांना बोलावलं. त्यांनी खोकं उघडलं, आत बॅटरीचा उजेड मारला आणि मोठ्याने हसले. म्हणाले, "मॅडम, याले त गादीच भरून देली तुमी!"

आत प्रोसेसरवर धातूच्या पातळ पत्र्यांचा एक ठोकळा होता. त्या पत्र्यांच्या फटींत धूळ आणि कापसाचं तूस दाबून बसलं होतं. दादांनी चिमट्याने ओढलं तर हातभर नाही, पण बोटभर जाडीची खरोखरची गादीच निघाली. थंडीत आपण रजई पांघरतो ना, ती ऊब निर्माण करत नाही. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. आमच्या कॉम्प्युटरने भर एप्रिलमध्ये रजई पांघरली होती!

इस्त्रीपेक्षा तापट

पण मुळात कॉम्प्युटर तापतो कशाने? तो ना चूल, ना शेगडी.

कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यात ट्रान्झिस्टर नावाचे कोट्यवधी बारीक खटके असतात. ते सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. प्रत्येक वेळी थोडीशी वीज खर्च होते आणि तिची उष्णता होते. एका खटक्याची उष्णता मोजण्याइतकीही नसते. पण थेंबे थेंबे तळे साचे! प्रोसेसरने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते.

आता एक हिशेब करू. कपड्यांची इस्त्री १००० वॅटची आहे असं धरा. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. टेबलावरच्या कॉम्प्युटरमधला प्रोसेसर समजा ६५ वॅटचा आहे. आतला सिलिकॉनचा तुकडा जेमतेम २ चौरस सेंटिमीटरचा, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. ६५ भागिले २, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेबत्तीस वॅट. इस्त्रीच्या सहापटीहून जास्त! ही उष्णता तिथून हलवली नाही तर काही क्षणांत तो तुकडा बिघडेल. म्हणून साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर कॉम्प्युटर बंद करून टाकतो. आमचा कॉम्प्युटर रुसला नव्हता. तो जीव वाचवत होता.

हे पूर्वी इतकं नव्हतं. १९९३ मध्ये आलेला पहिला पेन्टियम प्रोसेसर सुमारे १५ वॅटचा होता. २००४ मधल्या एका पेन्टियम-४ने ११५ वॅटपर्यंत मजल मारली. त्यासोबत पंखे वाढले, पंख्यांचा वेग वाढला आणि घराघरांत, कचेऱ्यांत घोंघावणं सुरू झालं.

बशीची करामत

आता पुन्हा बशीकडे या. चहा बशीत पसरला की त्याचं जास्त अंग हवेला लागतं. जितकं जास्त अंग हवेला लागेल, तितकी उष्णता लवकर जाते. प्रोसेसरवरच्या त्या पत्र्यांच्या ठोकळ्याला हीटसिंक म्हणतात, आणि तो हेच करतो. सुपारीएवढ्या जागेतली उष्णता मोठ्या अंगणात पसरवतो.

किती मोठ्या? १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद असे २० पातळ पत्रे घ्या. एका पत्र्याच्या दोन बाजू मिळून २०० चौरस सेंटिमीटर. वीस पत्र्यांचे झाले ४०००. प्रोसेसरचा तुकडा होता २ चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे जागा २००० पट झाली, आणि तीही तुमच्या दप्तरातल्या डब्याएवढ्या ठोकळ्यात!

ठोकळ्याचा तळ बहुधा तांब्याचा आणि पत्रे ॲल्युमिनियमचे असतात. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता लवकर पुढे नेतं, म्हणून ते प्रोसेसरला चिकटून. ॲल्युमिनियम तांब्याच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचं आणि स्वस्त, म्हणून पसारा त्याचा. दोन धातू कितीही घट्ट बसवले तरी मध्ये बारीक फटी राहतात आणि फटीत हवा. हवा तर उष्णतेची मोठी अडवणूक करणारी! म्हणून मध्ये एक पेस्ट लावतात. तव्यावर भाकरी नीट टेकली नाही तर ती कच्ची राहते ना, तसंच हे.

पत्र्यांपर्यंत आलेली उष्णता हवेला द्यायची असते. तिथे पंखा लागतो. छोटा पंखा पुरेशी हवा ढकलायला फार वेगाने फिरतो आणि किंचाळतो. मोठा पंखा तितकीच हवा सावकाश फिरून ढकलतो आणि जवळजवळ गप्प असतो. आणि हीटसिंक खूपच मोठं केलं तर? तर पंखाच नको! तापलेली हवा हलकी होऊन आपोआप वर जाते, खालून थंड हवा येते. चुलीचा धूर कुणी न ढकलता वर जातो, तसं.

ऑस्ट्रियातल्या नॉक्टुआ कंपनीने २०२१ मध्ये असंच बिनपंख्याचं हीटसिंक बाजारात आणलं. वजन १ किलो १८० ग्रॅम! प्रोसेसर नखाएवढा आणि त्याच्या डोक्यावर किलोभराहून जास्त धातू. त्याचे पत्रे जाड आहेत आणि एकमेकांपासून लांब लांब आहेत. कारण जोर लावून ढकलणारं कुणी नसलं की हवेला रुंद वाट लागते.

दिव्याची वात आणि भाताचं झाकण

एवढ्या मोठ्या ठोकळ्याच्या टोकापर्यंत उष्णता लवकर पोचणार कशी? त्यासाठी त्यात तांब्याच्या नळ्या असतात. दिसायला भरीव वाटतात, पण आत पोकळ असतात. आतली हवा काढून, थोडंसं पाणी घालून नळी दोन्हीकडून बंद केलेली असते. हवा नसल्यामुळे दाब कमी, आणि दाब कमी असला की पाणी १०० अंशांच्या पुष्कळ आधी उकळतं. कुकरमध्ये दाब वाढतो, तिथे याच्या उलट होतं.

प्रोसेसरजवळच्या टोकाला पाण्याची वाफ होते. वाफ धावत थंड टोकाला जाते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तशी ती तिथे पुन्हा पाणी होते आणि बरोबर आणलेली उष्णता पत्र्यांना देऊन टाकते. मग ते पाणी परत कसं येतं? नळीला आतून बारीक जाळीचं अस्तर असतं. निरांजनातली वात तेल वर ओढते, तसं ते अस्तर पाणी परत ओढून आणतं. मोटर नाही, आवाज नाही, झीज नाही. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी तयार केली. तेव्हा डोळ्यांसमोर अंतराळयानं होती. आज ती साध्या लॅपटॉपमध्येही असते.

नाना तऱ्हा

कॉम्प्युटर गप आणि गार ठेवण्यासाठी माणसांनी काय काय केलंय! १९८० मध्ये ॲपल कंपनीने 'ॲपल थ्री' हा बिनपंख्याचा कॉम्प्युटर काढला. उष्णता बाहेर टाकायचं काम त्याच्या धातूच्या तळावर सोपवलं होतं. ते पुरं पडलं नाही. तापून आणि निवून आतल्या चिप आपल्या जागेवरून सैल व्हायच्या. तेव्हा "कॉम्प्युटर टेबलावरून थोडा उचला आणि सोडून द्या" असा उपाय गिऱ्हाइकांना सांगितला गेला, अशी गोष्ट आजही सांगतात. नुसतं पंखा काढून टाकणं म्हणजे शांतता नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

याच कंपनीने २००० मध्ये चौकोनी ठोकळ्यासारखा 'क्यूब' काढला. त्याच्या मधोमध खालून वर उघडी अशी पोकळी होती. तुमच्या आजीकडे तांब्याचा बंब असेल तर त्यातलं मधलं नळकांडं आठवा. गरम हवा त्या वाटेने वर जायची, खालून गार हवा यायची.

त्याआधी १९८५ मध्ये अमेरिकेत 'क्रे-२' हा महासंगणक आला. त्याचे सर्किट बोर्ड चक्क एका द्रवात बुडवलेले होते! तो द्रव विजेला वाहू देत नाही, म्हणून शॉर्टसर्किट नाही. बुडबुडे दिसायचे म्हणून त्याचं लाडाचं नावच 'बबल्स' पडलं. पुढे काही हौशी लोकांनी खनिज तेल भरलेल्या काचेच्या टाकीत कॉम्प्युटर बुडवून चालवले. तुम्ही मात्र स्वयंपाकघरातला तेलाचा डबा उचलू नका हं! ते काम जाणत्यांचं.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे काय? आपला पहिला महासंगणक 'परम ८०००' पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये तयार केला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर आपल्या वऱ्हाडातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. त्याच परम घराण्यातला 'परम ब्रह्म' २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसला. तो पाण्याने थंड होतो. पाणी प्रोसेसरला लागत नाही. प्रोसेसरवर धातूची पट्टी, पट्टीला नळी आणि नळीतून फिरतं पाणी. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. मग कितीतरी पंख्यांचं काम शांतपणे होतं.

सगळ्यात शहाणा उपाय

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट एका लहानशा शाळेतली आहे. रायगड जिल्ह्यात खैराट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ मध्ये मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. 'प्रत्येक मुलाला लॅपटॉप' या जगभर चाललेल्या कार्यक्रमातला तो भारतातला प्रयोग होता. पुढे तो कार्यक्रम ओसरला. पण त्या लॅपटॉपची रचना विसरण्यासारखी नाही.

त्यात पंखाच नव्हता. गरगर फिरणारी हार्डडिस्कही नव्हती. प्रोसेसर अगदी कमी विजेवर चालणारा, म्हणून उष्णताच थोडी. शिवाय सगळे भाग कीबोर्डखाली न ठेवता पडद्याच्या मागे ठेवलेले. पडदा उभा केला की मागची गरम हवा सरळ वर! पंख्यासाठी भोकं नाहीत, म्हणून धूळही आत जायला वाट नाही. वीज मोजकी, ऊन कडक आणि धूळ भरपूर असलेल्या शाळांचा विचार करूनच तो घडवला होता. आज मोबाइलही बिनपंख्याचा चालतो, तो याच वाटेने. आधी उष्णता कमी निर्माण करायची, आणि जी होईल तिला जागा आणि वाट द्यायची.

मित्रांनो, उष्णता कुणालाच नाहीशी करता येत नाही. ती फक्त घर बदलते. तिला जागा आणि वाट दिली तर ती गुपचूप जाते. वाट अडवली तर पंख्याला ओरडावं लागतं.

आपल्या यवतमाळात

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पंखा खोलीचीच हवा आत घेतो. त्यामुळे तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ७० वर असेल, तर मे महिन्यात खोलीत ४५ झाले की तेच काम करताना तो ९० च्या घरात जाईल. म्हणून आपल्याकडे वाट मोकळी ठेवणं पुण्या-नाशिकपेक्षा जास्त गरजेचं.

मग माठासारखं ओलं फडकं गुंडाळावं का? मुळीच नाही! पाणी आणि वीज यांचं जमत नाही. कूलरने खोली गार झाली तर कॉम्प्युटरलाही बरं, पण कूलरचा ओला झोत थेट त्याच्यावर सोडू नका.

हे मात्र जरूर करा. कॉम्प्युटर भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. जमिनीवर असेल तर टेबलावर ठेवा. सुरू करण्याआधी झाकण पूर्ण काढून घडी करा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका, पाटावर ठेवा. कापूस घरात भरलेला असेल त्या खोलीत कॉम्प्युटर नको.

आणि पालकहो, हे तुमच्यासाठी. वर्षातून दोनदा, कापसाचा हंगाम संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, कॉम्प्युटर आतून साफ करून घ्या. आधी प्लग काढा. हवेच्या झोताने साफ करताना पंख्याची पाती काडीने धरून ठेवा, नाहीतर ती भरमसाट फिरून पंखा बिघडतो. वीजपुरवठ्याचा आतला डबा मात्र घरी कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज साठून राहिलेली असू शकते.

करून पाहा

घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. एक परात आणि दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. तिन्हींत एकेक पेला सारखंच गरम पाणी ओता. एका पेल्याभोवती कापूस गुंडाळा, दुसरा उघडा ठेवा. दहा मिनिटांनी तिन्ही पाण्यांत बोट बुडवून पाहा. परातीतलं पाणी म्हणजे हीटसिंक, आणि कापसातला पेला म्हणजे आमचा एप्रिलमधला कॉम्प्युटर!

आता आमच्या शाळेचं काय झालं, ते सांगून संपवते. दादांनी पत्रे झाडले, नवी पेस्ट लावली. खोक्याच्या मागे ८ सेंटिमीटरचा किंचाळणारा पंखा होता, तो काढून १२ सेंटिमीटरचा सावकाश फिरणारा बसवला. टेबल आम्ही रस्त्याकडच्या खिडकीपासून दूर नेलं. माझं भरतकामाचं झाकण आता कपाटात आहे. ते फक्त सुट्टीत बाहेर येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत मी कॉम्प्युटर सुरू केला आणि व्हिडिओ शोधायला लागले. ती चौथीतली मुलगी उठून जवळ आली, खोक्याला कान लावला आणि काळजीने म्हणाली, "मॅडम, हा बंद आहे काय?"

मी काही बोलले नाही. गोष्ट सुरू केली. वाघोबा पहिल्या डरकाळीला घसरून चिखलात पडले, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी तीच हसली.